टोपी खिशात

वनामामाची राजदूत गावात शिरली की बाया बोलायच्या थांबत. पारोळ्याच्या आसपासच्या दहा-बारा गावांना तिचा आवाज पाठ होता. ती देवळावरून वळायची, आणि आता कुणाच्या दारात थांबते म्हणून अख्खी गल्ली कान देऊन बसायची. थांबली की लोक आधी मामाच्या डोक्याकडे बघायचे. डोक्यावर पांढरी टोपी असली तर, "या वनानाना," आणि आत हाक, "चहा टाका वो." टोपी नसली, तर मामानं तोंड उघडायच्या आधीच घरातून रडणं ऐकू यायचं.

आमच्याकडची रीतच तशी होती. मयतीचा निरोप नेणाऱ्यानं टोपी काढून खिशात ठेवायची, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, घोटभर पाणीही घ्यायचं नाही. तोंडानं सांगायची वेळ येऊ नये म्हणून कुणा जाणत्यानं ही सोय करून ठेवली असावी. एरवी मामाच्या वयाचा माणूस उघड्या डोक्यानं परसातसुद्धा जात नसे.

वनामामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. तो कामाला होता त्या दुकानाचं बियाणं खेड्यांत पोचवायला त्यानं ऐंशीच्या सुमाराला जुनी राजदूत घेतली. गावात तेवढी एकच फटफटी. शेजारच्या झुलालचा बाप भर दुपारी गेला, त्याच्या चार मुली चार गावांना दिलेल्या, आणि एसटी दिवसातून दोनदा. मामा निघाला, आणि दिवस मावळायच्या आत चारही घरी सांगून आला. ते काम जे गळ्यात पडलं ते पडलंच. त्यानं कुणाला नाही म्हटलं नाही. भिकुमामी मात्र चिडायची. "लोके तुमनं तोंड दखीन दार लाई लेतस," म्हणायची. खोटं नव्हतं ते. मामा नुसता दाढी करायला निघाला तरी समोरून येणारी बाई आधी त्याच्या डोक्यावर नजर टाकायची.

मी एकदा त्याला विचारलं, मामा, हायवेवर एवढे ट्रक, भीती नाही वाटत? तो म्हणाला, "माले रस्तानं भ्याव नही वाटस, भाचा. दारनं वाटस."

मला मात्र रस्त्याचंच भ्याव. उगाच शूरपणाचा आव आणत नाही, मी जन्माचा भित्रा आहे. जळगावला दाल मिलमध्ये कारकुनाला लागलो तेव्हा सगळ्यांनी स्कूटरचे नंबर लावले, मी सायकलच ठेवली. आणि एक्याण्णव साली मी लीलाधरला मरताना पाहिलं. लीलाधर आमच्या मिलचा काटेवाला, पोती मोजून घेणारा, हसरा माणूस. मिलच्या वळणावर वाळू सांडलेली होती. स्कूटर घसरली, लीलाधर आडवा झाला, डोकं कडेच्या दगडावर आपटलं. ट्रक नाही, टक्कर नाही. स्कूटरला ओरखडाही आला नव्हता. मी धावत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं. रक्त फारसं नव्हतंच. त्यानं मला विचारलं, "किती वाजले?" आणि संपला. पुढे कितीतरी दिवस कुणी वेळ विचारली की मी घड्याळ न बघताच तिथून निघून जायचो.

नवा मोटार कायदा तेव्हा आलेला होता. दुचाकीवाल्यानं हेल्मेट घालायचं असं त्यात होतं. पोलीस आठवडाभर चौकात उभे राहत, मग महिनाभर विसरून जात. चहाच्या टपरीवर एकेक विद्वान बसलेला असे. "डोकं आमचं, फुटलं तर आमचं फुटेल, सरकारच्या बापाचं काय जातं?" मी ज्या मांडीवर ते डोकं घेतलं होतं ती मांडी तिथेच टपरीच्या बाकावर टेकलेली असे. भांडायलाही मी भितोच. त्याऐवजी दुकानात गेलो आणि मामासाठी एक हेल्मेट घेतलं. लाल रंगाचं, मधोमध पांढरा पट्टा.

मामानं ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं, आत डोकावून पाहिलं. म्हणाला, "हाई टोपलं माले काय कराले?" मी त्याला पेपरातला कायदा वाचून दाखवला. त्यात फेटा बांधणाऱ्या शिखांना सूट आहे असंही होतं, मी मूर्खासारखं तेही वाचलं. मामानं लगेच पकडलं. "तेस्ना फेटाले सूट शे, मंग मनी टोपीना काय गुन्हा?" मला रडूच आलं. लीलाधरचं सगळं सांगून टाकलं. मामानं सगळं ऐकून घेतलं, मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुना जीव शांत व्हई जाई ना? मंग घालसू."

आणि खरंच घालायला लागला. टोपी आत मावत नव्हती, म्हणून गाडीवर बसताना टोपी खिशात आणि उतरल्यावर पुन्हा डोक्यावर. निरोप असला तर नुसतंच हेल्मेट काढायचं. मला वाटलं, जिंकलो. चार महिने मी सुखानं झोपलो.

पुढच्या वर्षी माझी बायको जळगावला बाळंत झाली. आधीची दोन पोटातच गेलेली, त्यामुळे सगळ्यांचा जीव टांगणीला. सकाळी मुलगी झाली, दोघी सुखरूप. मामा बाजाराला आला होता, तो दवाखान्यात आला, मुलीला बघून लहान मुलासारखा हसला. आई पारोळ्याला एकटी, वाट बघत असणार. मी म्हटलं, मामा, आईला तेवढं सांग. तो तसाच निघाला, त्या दिवशी त्यानं राजदूत कधी नव्हे एवढी पळवली असणार.

आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. गाडी दारात थांबली. मामाला आनंदानं घाई झालेली. त्यानं हेल्मेट काढलं आणि टोपी घालायची विसरला.

आईनं त्याचं उघडं डोकं पाहिलं. सून मेली की पोर मेलं की मी मेलो, एवढाच प्रश्न तिच्यापुढे राहिला असेल. ती किंचाळून उठली, पदरात पाय अडकला, आणि ओट्यावरून खाली दगडी पायरीवर पडली. शेजारच्या बाया धावल्या. त्यांनीही मामाचं डोकंच पाहिलं. बघता बघता अख्खी गल्ली रडायला लागली. मधोमध मामा हेल्मेट हातात घेऊन ओरडतोय, "अरे पोर व्हयनी, पोर! अक्का, तू आजी व्हयनी!" आणि कुणाला ऐकूच जात नाही. एका बाईनं तर, दुःखानं वनानानाचं डोकं फिरलं, म्हणून त्यालाच जवळ घेऊन बसवलं.

आईच्या खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने ती अंथरुणावर होती. नातीला पहिल्यांदा तिनं पडूनच कुशीत घेतलं. तिला या सगळ्याचं नंतर हसू यायचं, ती मुलीला सांगायची, "तुना जनमले बठ्ठी गल्ली रडनी." मामाला मात्र हसू आलं नाही.

तो जळगावला आला आणि हेल्मेट माझ्यापुढे ठेवलं. मी म्हणालो, मामा, चूक हेल्मेटची नाही, टोपी घालायला विसरलास तू. तो म्हणाला, विसरणारच माणूस. घाईत असलं की विसरणारच. "मनं डोकं फुटनं ते एकच घर रडी. हाई घाली गऊ ते ज्या घर जासू ते घर रडी."

मी खूप भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाशी एवढं भांडलो असेन. ते एकच घर म्हणजे आमचंच घर ना, म्हणालो. मामी एकटी राहील, म्हणालो. कायदा आहे, दंड होईल, तुरुंगात टाकतील, वाटेल ते खोटंही बोललो. तो मान हलवत राहिला. जाताना मी हेल्मेट बळजबरीनं त्याच्या गाडीला अडकवलं. मामीनं ते घरी खुंटीवर टांगलं, आणि ते तिथेच राहिलं.

कायद्यानंही मला दगा दिला. महिनाभरानं चौकात पोलीस उभे होते, मी मुद्दाम मामाला त्याच रस्त्यानं यायला लावलं. हवालदारानं काठी आडवी केली. मग नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. तो बहादरपूरकडचा होता. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बापाचा निरोप मामानंच नेला होता. मामाच्या डोक्यावर टोपी आहे हे दिसल्यावर त्यानं श्वास सोडला. "नाना, असेच टोपी घालूनच या," म्हणाला, आणि काठी बाजूला घेतली. ज्याचा मला आधार वाटत होता तोच माणूस मामाला उघड्या डोक्याचं भ्याव घालून गेला.

त्यानंतर दोन वर्षं मी भीत भीत काढली. मामा जळगावहून निघाला की मी घड्याळ बघत बसायचो. एरंडोल आलं असेल, आता पारोळा, आता घरी. पोचला की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता. वाईट कळवणारा माणूस तोच, मग त्याचं वाईट झालं तर कळवणार कोण, असा एक वेडा विचार करून मी स्वतःची समजूत घालत असे. काही कळलं नाही म्हणजे ठीकच आहे.

पंच्याण्णवचा मार्च असेल. दुपारी मी मिलच्या फाटकाशी चहा घेत उभा होतो. लांबून धुळ्याच्या बाजूनं एक मोटरसायकल येताना दिसली, आणि गाडीवाल्याच्या डोक्यावर लाल हेल्मेट, मधोमध पांढरा पट्टा. माझं मीच आणलेलं, शंभरांत ओळखलं असतं. माझ्या हातून चहा सांडला. ऐकलं बाबा, मामानं ऐकलं शेवटी! मी रस्त्यावर धावत गेलो. हसतच होतो मी, टपरीवाल्यालासुद्धा मोठ्यानं सांगितलं, बघ, आमचा मामा बघ.

गाडी जवळ आली तेव्हा कळलं की ती राजदूत नाही. गाडीवाल्यानं हेल्मेट काढलं. तो झुलाल होता, मामाच्या शेजारचा. त्याचं डोकं उघडं होतं.

मी मनाला सांगितलं, घाबरू नको. हेल्मेट काढल्यावर सगळ्यांचंच डोकं उघडं असतं. आईचं असंच झालं होतं. आता तो खिशात हात घालेल, टोपी काढेल, डोक्यावर ठेवेल आणि हसेल. मी त्याच्या हाताकडे बघत राहिलो. टोपीचं पांढरं टोक खिशातून दिसत होतं. त्याचा हात काही तिकडे गेला नाही.

"झुलाल," मी विचारलं, "कोन्हाकडे पोर व्हयनी का रे?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मी चहावाल्याला त्याच्यासाठी पाणी सांगितलं, तेही त्यानं घेतलं नाही. राजदूत पुलाशी घसरली एवढंच म्हणाला. गाडीले काहीच नही व्हयनं, म्हणाला. मग हातातलं हेल्मेट माझ्यापुढे धरून तो रडायलाच लागला.

"भिकुमामीनी दिन्हं. मी निंघनू तवय खुंटीवरतीन काढीन मना डोकावर घालं. बोलनी, तू तरी घाली जा."