हळदीचे हादरे

आपटा गावाकडे जाताना आमचं गाव लागतं, आणि गावामागे दगडाची खाण. दुपारी सुरुंग उडाला की ताटातली आमटी हिंदकळायची. काकांच्या घराची भिंत वरून खालपर्यंत फाटली. काका टिकाव घेऊन खाणीवर गेले, तर मालकाने छातीत बुक्का हाणला, वर म्हणाला, "भिंत तुमच्या पोराच्या हळदीतल्या डीजेनं फाटली."

माझं डोकंच फिरलं. मी कामोठ्यात बसून कंपनं मोजणारे प्रोग्राम लिहिते. काकांच्या मुलालाही मीच शिकवलं. हळदीच्या आधीपासून आमचं यंत्र त्या भिंतीला चिकटवलेलं होतं. सुरुंग आणि डीजे, दोन्ही त्यात नोंदले होते. काकांच्या तक्रारीवर तहसीलदारांपुढे सुनावणी होती. सुरुंगाचा हादरा कितीतरी मोठा, एवढं तिथे दाखवलं की खाण बंद पडणार होती.

नवरदेवाने माती खाल्ली. नुसते सुरुंग बघायला त्याने डीजेच्या वेळेचा तुकडा ॲरेतून, म्हणजे आकड्यांच्या रांगेतून, वेगळा काढला आणि त्यात शून्यं भरली. त्याला वाटलं, ही प्रत आहे. अरे गाढवा, तुकडा काढला म्हणजे प्रत होत नाही! मेमरीतली जागा तीच, नाव फक्त नवं. प्रत हवी तर तसं सांगावं लागतं. शून्यं मूळ नोंदीत पडली, तीच त्याने सेव्ह केली, आणि यंत्रातलं कार्ड तर आधीच पुसलेलं.

सुनावणीत मालक खदाखदा हसला. "डीजे मुका होता काय?" तहसीलदार साहेबांनी बजावलं, पुढच्या वेळी पूर्ण नोंद आणा. बाहेर येताच काकांनी मुलाच्या अशी थोबाडीत मारली की ओठ फुटला. मी मध्ये पडले नाही. मलाही तेच करायचं होतं.

मग मीच म्हटलं, डीजे पुन्हा आणू. तोच स्पीकर लादलेला टेम्पो, तीच जागा, तेवढाच आवाज. यंत्राचा डिंक सुटत होता म्हणून काका ते हाताने भिंतीला दाबून उभे राहिले. दुसऱ्या गाण्याला भिंत करकरली आणि काकांवरच कोसळली. स्पीकर वाजतच होते. आम्ही नखं तुटेपर्यंत विटा उपसल्या.

दवाखान्यात, खांद्याचं हाड मोडलेलं, काकांनी डोळे उघडले.

"आलं का गो बराबर या टायमाला?"

आलं होतं. मूळ नोंद वेगळी, कामाची प्रत वेगळी, एक आकडा इकडचा तिकडे नाही. आणि त्यात स्वच्छ दिसत होतं, भिंत डीजेने पाडली.