आवाज येण्याआधीची साक्ष

नवऱ्याच्या गळ्यातली गाठ काढायची ठरली, तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की आवाजाची नस गाठीला चिकटलेली आहे, आवाज बसेल. किती दिवस, ते काही बोलले नाहीत. "कधी परत येतो, कधी नाही," एवढंच. गाठ साधी निघाली, त्याबद्दल प्रभूचे उपकार. पण आवाज गेला तो गेलाच. तोंड उघडलं की नुसती हवा. पाणीसुद्धा हनुवटी छातीला टेकवून घोट घोट प्यायचं, नाहीतर ठसका.

आता हा माणूस कोण, तर मुलुंडच्या आमच्या चर्चमध्ये गाणी उचलणारा, म्हणजे सगळ्यांच्या आधी सुरुवात करून देणारा. पेटीवाला सूर शोधत असायचा, तोवर याचं पहिलं कडवं संपलेलं असायचं. सोसायटीच्या गेटवरून हाक मारायचा, "ए, छत्री टाक गं खाली," की तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या सगळ्या खिडक्या उघडायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता घरात फ्रिजची घरघर ऐकू यायची आणि मला रडू यायचं.

तो चर्चला यायचा बंद झाला. वर्कशॉपमध्ये मशीनच्या आवाजात तसंही कुणी बोलत नाही, तिथे त्याचं भागायचं. घरी आला की फोनवर टाइप करून दाखवायचा, तेही 'हो', 'नको', 'चहा'. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दिलेला सराव दोन दिवस केला आणि सोडला. संध्याकाळी आम्ही तिघं टेबलाशी प्रार्थनेला बसायचो, तो, मी आणि माझ्या सासूबाई. 'आमेन'च्या जागी तो बोटानं टेबलावर टकटक करायचा. ती टकटक माझ्या डोक्यात जायची.

प्रार्थना मी आणि सासूबाई पाळीपाळीनं करायचो. माझी ठरलेली होती. प्रभू, तुझी इच्छा असेल तर याचा आवाज परत दे. नसेल तर सोसायची ताकद दे. आणि निदान पाणी तरी नीट पिता येऊ दे.

सासूबाई नगरकडच्या. लग्न होऊन विक्रोळीच्या चाळीत आल्या, तिथून आमच्याबरोबर मुलुंडला. चर्चला अजून मंदिर म्हणतात आणि मनातलं पोटात ठेवत नाहीत. एकदा आमेन झाल्या झाल्या मला म्हणाल्या, "तू देवाशी बोलतेस का रिक्षावाल्याशी?"

"म्हणजे काय, आई?"

"येणार का विचारतेस, आणि तो नाही म्हणेल म्हणून मागच्या रिक्षाला हात करून ठेवतेस."

मलाही राग आला. म्हटलं, "वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभूनं स्वतः बागेत हेच म्हटलं होतं ना, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे म्हणून?"

"त्यानं रक्ताचा घाम गाळून म्हटलं बाई. तू भांडी घासायची राहिल्यासारखी म्हणतेस."

आणि खरोखरच भांडी राहिली होती.

पण एक सांगते, मी तशीच आहे. पवईच्या एका ऑफिसात रिसेप्शनवर बसते. पाण्याचा टँकर आला नाही तर दुसऱ्याचा नंबर तयार ठेवणं हेच माझं काम. देवाच्या बाबतीत तेवढं वेगळं वागायचं कसं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतला, एक रविवार आला. आमच्याकडे उपासनेच्या शेवटी साक्ष द्यायला उभं राहतात. कुणाचं पोरगं पास झालं, कुणाला घर मिळालं, की सगळ्यांसमोर उपकार मानायचे. सासूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. मला वाटलं, गाठ साधी निघाली त्याबद्दल बोलतील. त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "प्रभूनं माझ्या मुलाला आवाज परत दिला. मी उपकार मानते." आणि बसल्या. अख्खं चर्च म्हणालं, आमेन.

मी थिजले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातला प्रकार. घरी याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता आणि इथे बायका माझे हात हातात घेऊन अभिनंदन करत होत्या. रिक्षात बसल्यावर मी सुरूच केलं. "आई, देवाच्या घरात खोटं बोललात तुम्ही."

"मागितलंय ना मी? मग दिलंय त्यानं. यायला वेळ लागतोय, इतकंच."

"आणि नाही आला म्हणजे?"

त्या रिक्षावाल्याला वळण दाखवायला लागल्या. मी म्हटलं, ठीक आहे, घोडामैदान जवळच आहे.

ते इतकं जवळ असेल असं वाटलं नव्हतं. दुपारीच चर्चच्या सेक्रेटरींचा फोन. "वहिनी, आवाज परत आल्याची आईंची साक्ष ऐकली, फार आनंद झाला. मग उत्तम शुक्रवारी पाचवा शब्द त्यालाच ठेवतो." उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून प्रभू जे सात शब्द बोलला, त्या एकेकावर मंडळीतला एकेक जण बोलतो. पाचवा शब्द तहानेचा. कितीतरी वर्षं तो माझ्या नवऱ्याकडेच होता.

फोन स्पीकरवर होता. मी सगळं खरं सांगायला तोंड उघडलं, तर समोर बसलेल्या नवऱ्यानं हात वर केला. थांब. मी थांबले. सेक्रेटरींनी माझं गप्प राहणं हो धरलं आणि फोन ठेवला. मला वाटलं, आता हा आईवर चिडणार. त्यानं आईकडे पाहिलं आणि उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून विचित्र आवाज आला, गळा दाबल्यासारखा. मी धावले. तो त्या व्यायामाच्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे भिंतीला दोन्ही हात लावून, जोर देऊन 'आ' म्हणत होता. म्हणजे म्हणायचा प्रयत्न करत होता. मग ते रोजचंच झालं. तो किचनच्या भिंतीशी 'आ' करायचा, सासूबाई मेथी निवडता निवडता प्रत्येक 'आ'ला 'आमेन' म्हणायच्या. शेजारच्या मालवणी काकींनी मला जिन्यात विचारलं, "काय गो, तुमच्यात नाटक बसवतंत काय?" मी म्हटलं, तसंच समजा.

आणि मी काय केलं? ऑफिसातून सेक्रेटरींना फोन करून खरं काय ते सांगितलं. संडेस्कूलच्या एका सरांना पाचव्या शब्दाची तयारी करून ठेवायला लावलं. घरी कुणाला कळू दिलं नाही.

उत्तम शुक्रवारच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारपर्यंत हवेतून किरकिर यायला लागली होती, तेल न घातलेल्या दारासारखी. एक दिवस यायची, एक दिवस गायब. शुक्रवारी सकाळी गायब होती.

चर्च गच्च भरलेलं. चौथा शब्द झाला, गाणं झालं, नवरा उठून माइकपाशी गेला. तोंड उघडलं. हवा. परत उघडलं. स्पीकरमधून फक्त श्वास. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी सरांकडे पाहिलं, ते उठायच्या बेतात होते. सासूबाईंनी डोळे मिटलेले, ओठ घट्ट. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला. पोटच्या पोराला चारचौघांत उभं करून त्याची वाट लावली, असं वाटलं.

नवऱ्यानं तिथला ग्लास उचलला. हनुवटी छातीला टेकवून घोट घेतला. ठसका लागला नाही. ग्लास ठेवला आणि बोलला. आवाज त्याचा नव्हता. खरखरीत, खालचा, मध्येच तुटणारा.

"तहान काय असते, ते मला यंदा कळलं," तो म्हणाला. "समोर पाणी असून भीती वाटायची. प्रार्थनेचंही तसंच झालं होतं. मी मागायचंच सोडलं होतं. माझ्या आईनं तुमच्यासमोर साक्ष दिली, तेव्हा माझ्याकडे आवाज नव्हता." तो थांबला, श्वास घेतला. "मला तिला खोटं पडू द्यायचं नव्हतं. म्हणून मी परत मागायला लागलो."

एवढंच बोलून तो येऊन बसला. दरवर्षी वीस मिनिटं घ्यायचा. मी तोंडात पदर धरून रडले. सर मागे शांतपणे बसून राहिले.

परतताना तो पुढच्या रिक्षात सेक्रेटरींबरोबर होता. मी सासूबाईंना विचारलं, "आई, खरं सांगा. एकदाही शंका आली नाही?"

"आली की. रोज पहाटे यायची." त्या चष्मा पुसत होत्या. "मग एका रविवारी सगळ्यांपुढे बोलूनच टाकलं. म्हटलं, आता मागं फिरायला वाटच नको."

मी त्यांचा हात धरला, तो घरापर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी प्रार्थनेची पाळी माझी होती. मी म्हटलं, प्रभू, याला पुन्हा गाता येऊ दे. 'तुझी इच्छा नसेल तर', हे पुढचं ठरलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. वाक्यात वाईट काही नाही, चर्चचे पाळकसाहेबही तसंच मागतात. माझ्या तोंडी ती मागची रिक्षा होती. मी तिथेच थांबले. टेबलावर टकटक ऐकायची सवय झाली होती, म्हणून डोळे मिटून वाट बघत राहिले.

"आमेन," नवरा म्हणाला.