आमच्या समक्ष मोजले

“मशीन लांब धर रे. एकदा वास लागला की आठवडाभर जात नाही.”

साहेब आपल्या हाताखालच्या माणसाला हे म्हणाला. नाकावरचा रुमाल न काढता म्हणाला. आम्ही समोरच उभे होतो. मी, माझी आई आणि वर्सोव्याच्या आमच्या कोळीवाड्यातली बरीच माणसं. मागे बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. मे महिन्याचं ऊन होतं. वास तर येणारच. तो आमच्या पोटापाण्याचा वास होता.

आई पहाटेपासून अंगण झाडत होती. सरकारी माणसं येणार म्हणून तिनं सणाचं लुगडं नेसलं होतं.

तिकडे रशियात अणुभट्टी फुटली होती. पेपरात रोज काहीतरी छापून यायचं. परदेशी दूध पावडर, परदेशी लोणी, वाऱ्याबरोबर येणारी विषारी किरणं. मग कुणीतरी बोललं, उघड्यावर वाळणाऱ्या मासळीवरही ते पडतं. झालं. आमची वाट लागली. मे महिन्यात लोक पावसाळ्याची सुकी मासळी भरून ठेवतात. आमचं पावसाळ्याचं पोट त्याच विक्रीवर. अंधेरीच्या सोसायट्यांत आईची गिऱ्हाइकं वर्षानुवर्षांची होती. लिफ्टमध्ये मासळीची पाटी चालत नाही म्हणून आम्ही जिने चढून दारोदार जायचो. त्या वर्षी दारं उघडायची आणि मिटायची. तिसऱ्या मजल्यावरच्या मालवणच्या बाई तेवढ्या दोन शब्द बोलल्या.

“अगो, घरात ल्हान नातू आसा. सरकारान मोजून सांगल्यार मगे घेईन.”

म्हणून वाड्याच्या पाटलांनी अर्ज केला होता. म्हणून ही जीप आली होती.

हाताखालच्या माणसानं जीपच्या दाराशीच उभं राहून किरणं मोजायची पेटी वर धरली. पेटीवर काटा होता. वलांडी तिथून निदान तीस पावलं लांब. आई पुढे झाली.

“सायेब, जवल येऊन बगा ना.”

“ए बाई, मागे हो. मशीनला लांबून कळतं,” साहेब म्हणाला.

आई त्याच्या आईच्या वयाची होती. मागे झाली.

मग त्यानं नमुना मागितला. आईनं सगळ्यात चांगले, सरळ, पिवळसर बोंबील निवडले. स्वच्छ फडक्यात गुंडाळले. वरून जुन्या लाल लुगड्याची चिंधी बांधली आणि तिची ती दुहेरी पिळाची गाठ मारली. दोन्ही हातांनी पुरचुंडी पुढे केली. साहेबानं बुटाच्या टोकानं जमीन दाखवली.

“तिथे ठेव.”

आईनं ठेवली. ड्रायव्हरनं ती पेपरात धरून उचलली. आईनं हात पदराला पुसले, उगीचच. ते कोरडे होते.

मला तेव्हा राग आला असता तर आज बरं वाटलं असतं. राग नाही आला. लाज वाटली. साहेबाची नाही, आईची. मी मॅट्रिक झाले होते. मला ऑफिसात नोकरी हवी होती. मी रोज साबणानं हात घासायचे, लिंबू चोळायचे, आणि बोटं हुंगून बघायचे. त्या साहेबाचा रुमाल माझ्याही नाकावर होता. हे लिहितानाही मला माझीच किळस येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी घेऊन एकटीच निघाले. सात बंगल्याच्या वळणावर गटाराच्या काठी दोन कुत्री काहीतरी ओढत होती. लाल चिंधी दिसली म्हणून थांबले. फडकं एका बाजूनं फाटलं होतं. अर्धे बोंबील कुत्र्यांनी खाल्ले होते, बाकीचे चिखलात. गाठ मात्र तशीच. दुहेरी पिळाची. कुणी सोडलीच नव्हती.

वाड्यापासून तिथपर्यंत जीपला पाच मिनिटंही लागत नाहीत. पाच मिनिटं त्यांना आमचा वास सोसवला नाही.

मी कुत्र्यांना हाकललं आणि गटारात हात घातला. पुरचुंडी काढून पाटीत ठेवली. तशीच घरी नेऊन ठेवली. 

दोन दिवसांनी एक कारकून टाइप केलेला कागद घेऊन पाटलांच्या ओटीवर आला. कागदावर होतं, नमुना ताब्यात घेऊन प्रयोगशाळेत तपासला. मासळी खाण्यास निर्धोक आढळली. मोजणी आमच्या समक्ष झाली. खाली दोन सह्यांची जागा. पाटलांनी पहिली केली. दुसरी शिकलेल्या माणसाची हवी म्हणून मला बोलावलं. आई माझ्यासोबत होती.

“कर सही,” कारकून म्हणाला. “तुमच्याच फायद्याचं आहे.”

खरं होतं ते. आमच्याच फायद्याचं होतं. म्हणून तर जास्त घाण वाटली. आधी आमच्यावर थुंकायचं आणि मग आमच्याकडूनच लिहून घ्यायचं की आम्ही पाहिलं, सगळं स्वच्छ होतं.

मी घरी जाऊन पुरचुंडी आणली. कागदाशेजारी ठेवली. कारकून खुर्चीसकट मागे सरकला.

“हे काय?”

“प्रयोगशाळेत गेलेला नमुना.”

“अशा पुरचुंड्या ढिगानं असतात.”

“गाठ माजी हाय,” आई म्हणाली.

 आईनं गाठीवरून बोट फिरवलं. तिला सगळं कळलं होतं. तरी ती माझ्याकडे वळली.

“सही कर, पोरी. पावसात खायाचा काय?”

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे भीक मागत होती. त्या माणसांनी तिला तिथवर आणलं होतं. स्वतःच्या तोंडानं गाठ ओळखून, त्याच तोंडानं खोटं लिही म्हणायला लावलं होतं.

“त्या मालवणच्या बाईंचा नातू खाईल हे बोंबील, आये,” मी म्हणाले. “मी बघितलेलं नाय. मी सही करणार नाय.”

पाटील म्हणाले, “तुझ्या एकटीपायी वाडा उपाशी मरंल.”

वाडा मेला नाही. सही दुसऱ्या कुणीतरी केली. कागद बाजारात चिकटवला. काहींची मासळी खपली. मी त्यांना दोष देत नाही, चुली सगळ्यांच्याच असतात. मी मात्र तिसऱ्या मजल्यावर गेले. बाईंनी विचारलं, “मोजल्यानी?” मी म्हणाले, “नाही.” त्या म्हणाल्या, “सांगलंस ता बरा केलंस,” आणि दार लावलं. खालच्या मजल्यांवर बातमी माझ्याआधी पोचली.

आमचे बोंबील घरातच राहिले. तो सगळा पावसाळा आम्ही तेच खाल्ले. दुसरं काही नव्हतं. आई वाढायची आणि माझ्याशी बोलायची नाही. प्रत्येक घास चावताना मला वाटायचं, यात ते विष आहे की नाही? असेलही, नसेलही. आजही मला माहीत नाही. कारण कुणी मोजलंच नाही. आमचा वास येतो म्हणून मोजलं नाही.

त्या पावसाळ्यात मी हाताला लिंबू चोळणं सोडलं.

त्यानंतर पाणी तपासायला, हवा तपासायला कितीतरी माणसं वाड्यात आली. मी प्रत्येकाच्या समोर जाऊन उभी राहते. रुमाल खिशात ठेवायचा. जीपपासून चालत यायचं. वलांडीखाली उकिडवं बसायचं, मासळी उघड्या हातानं उचलायची, आणि मग मोजायचं. आकडा मला दाखवायचा. एवढं जमत नसेल तर आल्या वाटेनं परत जायचं. तुमच्या कागदावर माझं नाव येणार नाही.