अडीच बोळे कापूस

माझ्या साडूंइतका निःपक्षपाती माणूस कलकत्त्यात झाला नाही, आणि कलकत्त्याबाहेर कुठे झाला असेल तर त्याच्या बायकोची मला दया येते. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात मी त्यांच्यावर एक विनोदी लेख लिहिला होता, त्याची सुरुवात याच वाक्याने होती. गणपतीतल्या कार्यक्रमात तो वाचून दाखवला तेव्हा लोक खुर्च्या सरकवून हसले. ते वाक्य मला आजही मागे घ्यावंसं वाटत नाही. मागे घ्यायचा आहे तो लेखाचा शेवट. तो खोटा होता, आणि लिहिताना ते मला माहीत होतं.

आम्ही दोघंही बदलीच्या नोकरीतून कलकत्त्याला आलो आणि बेहाला या उपनगरात स्थिरावलो. मी बँकेत होतो, ते एका सरकारी कंपनीच्या खरेदी विभागात. बजबजच्या डेपोसाठी पाइप, ताडपत्री आणि केबल विकत घेण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर पाइप सुटले, पद्धत सुटली नाही. बाजारातून ते दोन भाजीवाल्यांकडून अर्धा-अर्धा किलो वांगी आणत, ताईंकडून, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीकडून, दोन कढयांत एकाच मसाल्याची भाजी करून घेत आणि 'अ' व 'ब' अशा चिठ्ठ्या लावलेल्या दोन वाट्या घेऊन जेवायला बसत. कोणती वाटी कोणाची हे त्यांना कळता कामा नये असा नियम होता. "त्यातला एक मला रोज नमस्कार करतो," ते म्हणत. "नमस्काराचा परिणाम वांग्यावर व्हायला नको." ताई म्हणत, "पुढच्या जन्मी मी त्या नमस्कारवाल्याशीच लग्न करते. निदान एका कढईत भागेल." मिष्टी दह्याचंही तेच. दोन दुकानांची मातीची भांडी माझ्यापुढे ठेवून मला डोळे मिटायला लावत, आणि मी दोन्ही संपवून "फरक कळला नाही, अजून एकदा बघू का?" म्हटलं की वहीत 'परीक्षक अविश्वसनीय' असा शेरा मारत. मुलीच्या लग्नाच्या वेळी दोन स्थळांचं तुलनापत्रक सहा पानी झालं होतं. मुलीने परस्पर तिसऱ्याशीच ठरवलं, ज्याने निविदाच भरली नव्हती. साडूंनी दोन दिवस मौन पाळलं आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "पुरवठादार एकच असेल तर त्यालाही नियमात तरतूद आहे." मुलगी नवऱ्याबरोबर परदेशी गेली आणि तिथून दर शनिवारी-रविवारी फोन करू लागली.

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि या सगळ्या प्रकरणात तोच माझ्या अंगावर आला. कुठल्याही निर्णयावर दोन सह्या लागत. "एका सहीचा तो निर्णय नव्हे, साडूभाऊ, तो हट्ट." घरच्या खरेदीसाठी दुसरी सही कायमची माझी. कुकर, पंखा, मच्छरदाणी, सगळ्यांच्या तुलनापत्रकांखाली मी सह्या केल्या आहेत आणि त्यातलं एकही मी वाचलेलं नाही.

"वाचून सही करा, साडूभाऊ."

"तुमच्यावर विश्वास आहे हो माझा."

"म्हणूनच वाचा. विश्वास नसता तर तुम्ही वाचलंच असतं."

असा हा माणूस स्मार्टफोन घ्यायला निघाला. शेवटी दोन फोन उरले. दोन्हींची किंमत जवळपास सारखी, मध्यम. अगदी साधेही नव्हेत आणि मिरवायचेही नव्हेत. कंपन्यांची नावं घेतली तर मन झुकतं म्हणून त्यांनी त्यांना 'अ' आणि 'ब' म्हटलं. 'अ' निळा, पातळ, चकचकीत, कॅमेरा उत्तम. 'ब' काळा, जाड, खिशात ठेवला तर सदरा एका बाजूला ओढणारा. मी महिन्याभरापूर्वी तो निळाच घेतला होता आणि त्याचे फोटो दिसेल त्याला दाखवत होतो, तेव्हा माझं मत उघड होतं. "घरबसल्या मागवा की," मी म्हटलं, "दोन दिवसांत दारात." ते म्हणाले, "दारात येतो तो डबा. त्याला आधी कान लावता येत नाही." मी हे वाक्य लेखात घेतलं होतं. लोकांना फार आवडलं.

बेहालाची मेट्रो तेव्हा सुरू व्हायची होती. दर शनिवारी सकाळी आम्ही बसने एस्प्लनेडला जायचो, त्याच एका दुकानात, आणि एका शनिवारी तुलनापत्रकातला एकच रकाना भरायचो. एक शनिवार अक्षरांच्या आकाराचा. एक शनिवार उन्हाचा: दोन फोन दोन तळहातांवर घेऊन ते फुटपाथवर उभे राहिले आणि दुकानदार, ते पळाले तर, म्हणून त्यांच्यामागे उभा राहिला. एक शनिवार ओल्या हाताचा, कारण, ते म्हणाले, "फोन वाजतो तेव्हा बाईमाणसाचे हात ओलेच असतात." दुकानदार पन्नाशीचा बंगाली गृहस्थ होता. तिसऱ्या शनिवारी त्याने आम्हाला स्टुलं दिली, पाचव्या शनिवारी चहा सांगितला आणि सातव्या शनिवारी मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, आपके साथवाले को फोन लेना है, कि फोन का शादी देना है?"

नववा शनिवार आवाजाचा होता. मे महिन्यात एस्प्लनेडला अकरा वाजता जे ऊन असतं ते ज्यांनी सोसलंय त्यांना सांगायला नको. दुकानात शिरल्यावर साडूंनी खिशातून कापूस काढला आणि दोन्ही कानांत शांतपणे बोळे घातले. दुकानदार हळहळला. "ठांडा लेगेछे, दादा?" त्याने विचारलं. भर मे महिन्यात कुणाला थंडी बाधली असेल तर ते फक्त कलकत्त्यालाच खरं वाटू शकतं. साडूंनी मला एक चिठ्ठी दिली. मी रस्त्यापलीकडच्या कोपऱ्यावर जायचं, माझ्या फोनवरून आधी 'अ'ला आणि मग 'ब'ला फोन करायचा आणि दोन्ही वेळा चिठ्ठी वाचायची. "ओरडायचं नाही. साध्या आवाजात. आणि दोन्ही वेळा सारखं." चिठ्ठीत लिहिलं होतं: 'आई, जेवलीस का? इकडे थंडी आहे. गुडघा कसा आहे? बाळ आत्ताच झोपलंय. तू नीट बोलत का नाहीस?'

पासष्ट वर्षांचा, मिशा असलेला मी, फेरीवाल्यांच्या गर्दीत उभा राहून माझ्या साडूंना विचारत होतो, 'आई, जेवलीस का?' शेजारचा टोप्या विकणारा माणूस माझ्याकडे बघत होता. नऊ शनिवार गेले होते, सदरा पाठीला चिकटला होता, भूक लागली होती आणि माझ्या हातात असलेला फोन उत्तम आहे हे नऊ शनिवार कुणी कबूल करत नव्हतं. 'अ'ला फोन लागला तेव्हा मी फोन ओठांना लावून, एकेक शब्द तोडून, जवळजवळ भाषण केल्यासारखा बोललो. 'ब'ला फोन लागला तेव्हा मी हात लांब केला, तोंड रस्त्याकडे वळवलं आणि पुटपुटलो. बस गेली तरी थांबलो नाही.

परत आलो तेव्हा साडू कापूस काढत होते. "'अ' स्पष्ट आहे," ते म्हणाले. "'ब' फार खोल." मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. "दोन्ही वेळा सारखंच बोललात ना?"

"अगदी सारखं."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, एक ओळ खोडली, आणखी काही लिहिलं आणि वही माझ्यापुढे केली. मी सही केली. निळा फोन घेतला. दुकानदाराने आम्हाला दारापर्यंत पोचवलं, आणि मला वाटतं, त्याला थोडं वाईटही वाटलं.

त्याच वर्षी गणपतीत मी तो लेख वाचला. वांगी, दही, जावई, कापूस, चिठ्ठी, सगळं त्यात होतं. नव्या फोनवर मुलगी बोलत असताना साडू ताईंच्या कानाशी बसून प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणतात, "ती विचारतेय, जेवलीस का," हेही होतं. मुलीच्या बोलण्यावरही यांची दुसरी सही लागते, अशी मी कोटी केली होती. आणि शेवट असा होता: 'नऊ शनिवार आणि दोन बोळे कापूस खर्ची घालून आमच्या साडूंनी स्वतःच्या अकलेने दोहोंतला नेमका मुका फोन निवडला.' सगळं सभागृह खो-खो हसलं. ताई पहिल्या रांगेत होत्या. मंडळाच्या रविवारच्या वर्गात इथे वाढलेल्या मुलांना त्या मराठी शिकवतात, म्हणून त्यांची खुर्ची नेहमी पहिल्या रांगेत असते. त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. साडूही हसले, सगळ्यांचं हसून झाल्यावर थोडंसं. नंतर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "छान जमलाय. एकच चूक आहे. बोळे दोन नव्हते, अडीच होते. उजव्यात एक, डाव्यात दीड." हे मी पुढे कित्येक दिवस लोकांना सांगून हसवलं.

गेल्या हिवाळ्यात साडू गेले. फार आजारी न पडता, कुणाचं दुसरं मत घ्यायला वेळ न देता गेले. त्यानंतर मुलगी येऊन राहिली आणि तिच्या आग्रहाने ताईंनी दोन्ही कानांत यंत्रं बसवून घेतली. ताईंना इतकी वर्षं कमी ऐकू येत होतं हे आम्हाला तेव्हा कळलं. माझ्या पत्नीला, त्यांच्या सख्ख्या बहिणीलाही, तेव्हाच. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी चहा दिला आणि माझ्यापुढे तो जुना अंक ठेवला.

"भावोजी, हा जरा वाचून दाखवा."

"तुम्ही होतात की तेव्हा, ताई. पहिल्या रांगेत."

"होते. सगळे हसले म्हणून हसले. एक शब्द कानात गेला नाही." त्या अगदी सहज म्हणाल्या. "नंतर मागितला तर हे म्हणाले, अंक सापडत नाही. यांना कधी काही सापडलं नाही असं झालंय? परवा कपाटात मिळाला, यांच्या वहीत घालून ठेवलेला. डोळ्यांनी वाचला मी. चांगला लिहिलाय. पण ऐकायचा राहिलाय."

मी वाचायला लागलो. वांग्यांना त्या हसल्या, नमस्कारवाल्याला जास्तच हसल्या. मग चिठ्ठी आली. मी 'आई, जेवलीस का' वाचलं आणि त्या म्हणाल्या, "हे तिचं वाक्य. तू नीट बोलत का नाहीस, हेही तिचंच. मला ऐकूच यायचं नाही, मग मी नुसतं हो, हो म्हणायची. तिला वाटायचं मी रागावलेय. मीच यांना शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही. ज्या बाईला ऐकू येत नाही तिच्याकडे मुलांना बोलायला शिकायला कोण पाठवेल?"

मग त्यांनी वही उघडून दिली. नवव्या शनिवारचं पान. अक्षर नेहमीसारखं टाइप केल्यासारखं. 'कापूस: उजवा एक बोळा, डावा दीड. हिच्या कानांप्रमाणे, घरी टीव्ही लावून तपासले.' खाली, 'अ: स्पष्ट. ब: खोल. दोन्ही वेळा बोलणाऱ्याचा आवाज सारखा नसावा. फेरचाचणी हवी.' शेवटची दोन वाक्यं एका रेघेने खोडलेली होती आणि पुढे लिहिलं होतं, 'राहू दे. साडूभाऊ उन्हात उभे होते, दमले आहेत.' त्याच्या खाली त्यांची सही. तिच्याशेजारी माझी.

"ही तुमचीच ना?" ताईंनी विचारलं.

"हो."

"वाचून केली होतीत?"

"नाही."

त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. मी चहा संपवला आणि लेख अर्धाच ठेवून निघालो. जिन्यात लक्षात आलं की आवाज सारखा का नव्हता हे ताईंनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

काळा फोन घेतला असता तर त्यांना मुलीचं बोलणं ऐकू आलं असतंच असं नाही. कदाचित आलं असतं. थोडं आलं असतं, दोन-तीन वर्षं आलं असतं. ते आता कुणालाच कळणार नाही, कारण ती चाचणी मी होऊच दिली नाही. ज्या माणसाने रोजच्या नमस्काराचा परिणाम वांग्यावर होऊ दिला नाही, त्याने आयुष्यात एकदाच पक्षपात केला. माझ्या बाजूने केला, आणि त्याची किंमत बायकोच्या कानाशी बसून, एकेक वाक्य दोनदा म्हणून भरली. वर मी त्याला मुका फोन निवडणारा म्हणालो.

तेव्हा त्या अंकातल्या लेखात या दुरुस्त्या कराव्यात. 'दोन बोळे' आहे तिथे अडीच वाचावं. 'स्वतःच्या अकलेने' आहे तिथे माझ्या लबाडीने वाचावं. फोन मी निवडला. त्यांनी फक्त मला ऊन लागतंय हे पाहिलं.

हल्ली बेहालाच्या डोक्यावरून मेट्रो जाते. बस बरी की मेट्रो, याचं तुलनापत्रक करायला ते हवे होते. मी या वेळी वाचून सही केली असती. ताईंचा रविवारचा वर्ग चालू आहे. मध्यंतरी मुलांच्या चुका त्या सोडून द्यायच्या आणि आम्ही म्हणायचो, ताई मवाळ झाल्या. आता पुन्हा मागच्या बाकावरच्यालाही थांबवून तेच वाक्य म्हणायला लावतात. येत्या रविवारी वर्ग सुटला की मी तिथे जाणार आहे. त्या दिवशी निघताना त्या म्हणाल्या होत्या, अर्धा राहिलाय, पुढच्या खेपेला पुरा करा. तो जुना लेख मी नेणार नाही. हाच वाचणार आहे. ओरडायचं नाही. साध्या आवाजात, आणि शेवटपर्यंत सारखं.