दत्तूकाकांनी काढून घेतलेली तार

सारिका शाळेच्या वेळेत कधी फोन करत नाही. पहिलीच्या वर्गावर असते ती, आणि तिच्याच शब्दांत सांगायचं तर "पोरं टेबलावर चढत्यात, फोन कुठला करायचा!" त्यामुळे त्या बुधवारी अकराच्या सुमाराला स्क्रीनवर तिचं नाव दिसलं तेव्हा मी हातातलं काम टाकून बाहेर आले. मी हिंजवडीला ऑफिसच्या जिन्यात उभी होते. "केतकी, दत्तूकाका गेले गं. पहाटे छातीत कळ आली म्हणाले, काकींनी पाणी आणेपर्यंत..." आणि लाज वाटते सांगायला, पण माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "अगं, पण आपलं पाचवं गाणं राहिलंय की!" जसं काही काका आमच्या रेकॉर्डिंगच्या वेळापत्रकाला बांधलेले होते. सारिका रागावली नाही. "व्हय, राहिलंय," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. त्याला आता दोन महिने होतील.

दत्तूकाका म्हणजे माझे कुणी नातेवाईक नव्हेत. भरे गावात रस्त्याकडेला त्यांचं मोटारी भरून द्यायचं दुकान. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली की शेतकरी ती उचलून त्यांच्याकडे आणून टाकायचे, काका आतली जळकी तांब्याची तार काढून नवी भरून द्यायचे. चाळीसेक वर्षं हेच काम. मी कोथरूडची, नोकरीपायी हिंजवडीजवळच्या चांद्यात खोली घेऊन राहणारी, इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी बाई. आमची ओळख व्हायचं काही कारणच नव्हतं. ती झाली माझ्या गिटारीचा पिकअप मेला म्हणून. गिटारीच्या तारांखाली एक छोटी पट्टी असते. आत लोहचुंबक, आणि त्याच्याभोवती केसासारखी बारीक तार हजारो वेळा गुंडाळलेली. वरची तार थरथरली की ही पट्टी ती थरथर पकडते आणि स्पीकरकडे पाठवते. आतली ती बारीक तार कुठेतरी तुटली आणि माझी गिटार मुकी झाली. रेकॉर्डिंग तीन आठवड्यांवर आलेलं. पुण्यातला दुकानदार म्हणाला, फेकून द्या, नवीन मागवा, महिना लागेल. मी डोक्याला हात लावून बसले तेव्हा सारिका म्हणाली, "आमच्या गावात दत्तूकाका हायत. मोटारी भरतात. विचारायला काय जातंय?"

सारिका भऱ्याचीच. आमच्या बँडची गायिका ती, आणि गाणी लिहिणारीही तीच. तिसरा निखिल, ड्रम वाजवणारा, अत्यंत शांत माणूस. दोन भांडकुदळ बायकांच्या मधे बसायला तसाच माणूस लागतो. त्याच्या मामांचं मुठा गावात सुट्टीतलं घर आहे, तिथल्या हॉलमध्ये आम्ही सराव करायचो आणि रेकॉर्डिंगही तिथेच करायचं ठरलं होतं.

काकांनी पिकअप हातात घेतला, डोळ्यांवर एकावर एक दोन चष्मे चढवले आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग खुशीत येऊन म्हणाले, "आगं, ह्यात तर मोटारीचंच पोट हाय की! नुसतं फिरत न्हाई." मी मागवलेली बारीक तार बघितल्यावर मात्र चेहरा पडला. "ही तार न्हाई बाई, केस हाय." चार वेळा तुटली. पाचव्या वेळी काकी दारातून चहा घेऊन आल्या आणि मी तोंड उघडणार तोच त्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. काका फेरे मोजत होते. अंगठा आणि बोटाच्या मधे तार हलकेच धरलेली, दुसऱ्या हाताने यंत्राचं हँडल, ओठ हलतायत... मला एकदम वाटलं, आपण ऑफिसात दिवसभर जे करतो त्यातलं एक तरी काम इतक्या जिवाने करतो का? उत्तर काही फार बरं नव्हतं.

आता झालं काय, की मोटारी भरणाऱ्यांच्या धंद्यात एक मोठी अब्रूची गोष्ट असते. लबाड कारागीर आत तार कमी भरतो. वरून काही कळत नाही, मोटार चालूही होते, आणि ऐन भातलावणीत जळून बसते. काकांनी आयुष्यात कुणाची तार मारली नव्हती, आणि पंचक्रोशीत त्यांना मान होता तो त्यासाठीच. तेव्हा माझ्या पिकअपमध्ये त्यांनी काय करावं? अगदी काठोकाठ तार भरली. जुन्यात आठ हजारांच्या आसपास फेरे असावेत, यांनी दहा हजारांच्या वर नेले. "घे. कमी न्हाई, चार जास्तच हायत."

गिटार लावली आणि अशी गरजली की निखिलने ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या. मी तर हरखलेच! मला आधीपासूनच मोठा आवाज प्यारा. पायाखाली आवाज फुगवणारी पाच पेडल, शेजारी हा एवढा अँप्लिफायर. पिकअप निवडायची वेळ आली की मी फक्त एकच बघणार, दणका कुणाचा जास्त. पण फेरे वाढले की आवाज जसा जोरकस होतो तसा तो जाडही होतो, भरड होतो, वरची चमक जाते आणि तो बरोबर माणसाच्या आवाजाच्या जागेवर येऊन बसतो. दोनच सरावांत कळलं, सारिकाचं गाणं ऐकूच येत नाहीये. तिने आवाज चढवला, मग मी चढवला, मग बिचाऱ्या निखिलनेही. त्या दिवशी सारिकाने माइक स्टँडला अडकवला आणि शांतपणे सांगितलं, "हे ठरलेलं रेकॉर्डिंग मी करते. त्याच्यानंतर मला धरू नका. मी माझी गाणी वर्गात पोरांना म्हणून दाखवीन, ती तरी ऐकत्यात." तिच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता, म्हणूनच मी घाबरले.

मी पळत काकांकडे. "काका, थोडी तार काढता का? फेरे कमी करायचेत." काकांचा हात थांबला. "तार काढू?" "हो, हजारेक फेरे." त्यांनी गिटार उचलली, माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवली. "दुसरीकडं ने. तार कमी करायचं काम हितं होत न्हाई." मी समजावायला गेले तर म्हणाले, "आजपातूर कुनाची तार काढली न्हाई मी, आन् आता म्हातारपणी काढू व्हय?" काकी मला खुणेने म्हणाल्या, जा आता. मी परत येताना गाडीत रडले, रागाने रडले. एवढा हट्टी म्हातारा! आणि स्वतःला केवढा समजतो! असलं काहीबाही बडबडत चांद्यापर्यंत आले.

सारिकाने मात्र वेगळीच शक्कल लढवली. त्या रविवारी दुपारी ती काकांनाच मुठ्याला घेऊन आली. स्वच्छ पायजमा, टोपी, प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसलेले. माझ्याकडे बघेनात. आम्ही 'किल्ल्या' वाजवलं. हे गाणं सारिकाने तिच्या आईवर लिहिलंय. आई मुठ्याकडच्या सुट्टीतल्या बंगल्यांची झाडलोट करते, सात घरांच्या किल्ल्या तिच्या कमरेला असतात, आणि सातही घरांत ती कधी खुर्चीवर बसलेली नाही. गाणं संपलं. काकांनी विचारलं, "सारे, काय म्हनलीस गं तू?" तिने शब्द नुसते बोलून दाखवले, वाद्याशिवाय, सुराशिवाय, जशी वर्गात धडा वाचत असेल तशी. काका ऐकत राहिले. सारिकाच्या आईला ते लहानपणापासून ओळखत होते, पोरीला अंगाखांद्यावर खेळवलेलं, आणि ही असं काही लिहिते याची त्यांना कल्पनाही नव्हती. त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली. मग माझ्याकडे वळले. मला वाटलं आता माझी बिनपाण्याने होणार. पण ते म्हणाले, "ह्यातलं एक अक्षर मला ऐकू आलं न्हाई. ती तार मी भरली... म्हंजी पोरीचं त्वांड मीच दाबलं की."

मी खाली बघितलं. कारण तोंड काही एकट्या तारेने दाबलं नव्हतं. पाच पेडल माझी होती, आवाजाचं बटण माझ्या हाताखाली होतं, आणि सारिका चढत्या आवाजात ओरडत असताना मला मनातून मजा येत होती, हे मला माहीत होतं. "काका, तुमचं नाही, माझं चुकलंय," मी म्हणाले. तसं कबूल करायची मला सवय नाही. निखिल अजून त्या वाक्याची तारीख सांगतो.

पुढचा रविवार सगळा दुकानात गेला. ड्रिल मशीनच्या शेजारी सारिकाला उभी केली आणि काकांनी फर्मान सोडलं, "तू गात ऱ्हा." मी गिटारीच्या तारा सैल करून पट्टी वर घ्यायची, काकांनी बाहेरचं टोक सोडवून दोनशे फेरे उलटे काढायचे, मी ते टोक पुन्हा झाळून जोडायचं, तारा ओढायच्या, वाजवायचं. काका गिटारीकडे लक्षच देत नव्हते. डोळे मिटून फक्त सारिकाचे शब्द ऐकत होते. "अजून काढू या." "अजून." प्रत्येक वेळी गिटार थोडी हलकी, थोडी स्वच्छ होत गेली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिसऱ्या कडव्यात त्यांनी हात वर केला. "बास. आता तिची आई दिसली." आणि मग हसून म्हणाले, "मोटारीत तार कमी भरली तर चोरी. हितं जास्त भरली तर चोरी. काय सोंग काढलंयस गं तू माझ्या दुकानात!" त्या दिवशी मी पाचातली चार पेडल घरी नेऊन कपाटात टाकली आणि रेकॉर्डिंगसाठी निखिलचा जुना छोटा अँप्लिफायर मागून घेतला. सारिका पुन्हा सोडून जायचं बोलली नाही, पण राहते असंही म्हणाली नाही. ते बोलणं तसंच अधांतरी राहिलं.

चार गाणी झाली. काका दर वेळी यायचे, खुर्चीत बसायचे, मधेच "केतके, हात आवर" म्हणायचे. त्यांच्या शेजारी बसून वाजवायला शिकले मी, या वयात. दोन सूर वाजवायचे आणि तिसरा गिळायचा. पाचवं गाणं, शेवटचं, पुढच्या रविवारी ठरलं होतं... आणि मधे तो बुधवार आला.

नंतर आम्ही कुणी कुणाला फोन केला नाही. गिटार पिशवीतच होती. उघडायचा धीरच होईना. आणि मनात सारखं वाटायचं, आता सारिकाही जाणार. ठरलेलं रेकॉर्डिंग काय, अर्धवट राहिलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. दीड महिन्याने तिचाच निरोप आला. काकी म्हणत होत्या, "ह्यांनी शेवटाला काय बनवलं ते गावानं ऐकलं, मला कुनी ऐकवलं न्हाई."

तेव्हा पाचवं गाणं आम्ही दुकानात केलं. शनिवारी दुपारी काकींनी शटर वर केलं, स्वतः केर काढला आणि काकांच्या स्टुलावर बसल्या. निखिलने ड्रम आणलाच नाही, नुसती एक डफली आणली. मी लॅपटॉप आणि माइक लावले. मी वाजवायला लागले, शिकवल्यासारखं, अगदी बेताचं, सारिकाच्या शब्दांच्या कडेकडेने. पण काकींनी उमेदीची वर्षं भाताच्या गिरणीत काढलेली, त्यांना कमी ऐकू येतं. त्या पुढे पुढे वाकायला लागल्या. कान इकडे करून बघितला, तिकडे करून बघितला. शेवटी राहवेना तेव्हा मधेच म्हणाल्या, "सारे, तुझं कळलं. ह्यात आमच्या मानसाचं कंचं गं?"

मी वाजवायची थांबले नाही. रेकॉर्डिंग चालू होतं. सारिकाने गाणं थांबवलं. कडवं अर्धं होतं, तिचं सगळ्यात आवडतं कडवं. ती माइकसमोरून सरळ माझ्याकडे चालत आली, वाकली आणि तिने स्वतःच्या हाताने माझ्या गिटारीचं आवाजाचं बटण फिरवलं. पूर्ण. शेवटपर्यंत. "वाजव केतकी," ती म्हणाली. "शब्द मी पुढच्या गाण्यात म्हणीन."

पुढच्या गाण्यात! मला ते नीट ऐकू आलं. मग मी वाजवलं. किती वेळ ते ठाऊक नाही. दुकानातल्या पत्र्याच्या मांडणीवरचे नट थरथरायला लागले. काकी उठल्या, अँप्लिफायरवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या, डोळे मिटून.

तो टेक आम्ही तसाच ठेवलाय. अर्धं कडवं, मग गिटार, आणि गिटारीच्या मधोमध एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, अगदी स्पष्ट: "ह्यो व्हय! मग वाजू दे की गं, येवढा वेळ कशाला दाबून धरला व्हता त्याला?"