निरीतला दंड

सून म्हणाली, "बाबा, आईंची दंड घातलेली एखादी साडी द्या ना. बागेत लोकांना दाखवायचीय."

मी म्हणालो, "नाही."

"धुऊन, इस्त्री करून परत देईन."

"नाही म्हणजे नाही. दुसरं काय पाहिजे असेल तर बोल."

ती आत निघून गेली. माझ्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही हे तिला माहीत आहे.

दंड म्हणजे पोलिसाचा नव्हे. साडी मधोमध फाटली की फाटका भाग कापून काढायचा आणि राहिलेली दोन चांगली टोकं जोडून शिवायची. त्या जोडाला आमच्याकडे दंड म्हणतात. पूर्वी घरोघरी घालायचे. माझी बायको असा दंड घालायची की साडी हातात घेऊन बघितली तरी पटकन सापडत नसे. आणि जागा अशी धरायची की नेसल्यावर तो बरोबर निऱ्यांच्या आत जाईल. "गरिबी असू दे, पण निरीत असू दे," असं म्हणायची. विहारातल्या बायकांना, शेजारणींना, तिच्या सख्ख्या बहिणीलासुद्धा तिनं कधी कळू दिलं नाही. मला माहीत, कारण मी घरातला. तिला जाऊन वर्ष होत आलं. तिच्या साड्या कपाटात आहेत आणि चावी माझ्या खिशात. मुलगी म्हणाली, वाटून टाका. मुलगा म्हणाला, आश्रमात देऊ. मी कुणालाच दिल्या नाहीत. आणि आता सून म्हणते, तिनं जन्मभर लपवलेलं बागेत टांगा.

सुनेचं काय चाललं होतं तेही सांगतो. आम्ही आता राहतो त्या कात्रपच्या सोसायट्यांमधल्या काही बायकांनी मिळून बागेचा एक कोपरा थोडे दिवस मागून घेतला होता. जुने कपडे फेकू नका, सांभाळा, परत वापरा, असं लोकांना सांगायचं. त्याला ती 'इन्स्टॉलेशन' म्हणायची. माझ्या जिभेवर ते बसलं नाही, मी 'इष्टालेशन' म्हणत राहिलो. त्यांचा बेत काय, तर भिंतीला बोर्ड लावायचे, फोटो चिकटवायचे, माहिती लिहायची.

मी म्हणालो, "बोर्ड वाचायला बागेत कोण येतं? लोक येतात ते डॉक्टरनं चालायला सांगितलंय म्हणून. हाताला काहीतरी द्या. फिरवायला हँडल द्या."

"कसलं हँडल?"

कसलं ते मलापण माहीत नव्हतं. बोलून गेलो. पण एकदा हँडल म्हटलं आणि डोक्यात चाकं फिरायला लागली. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होतो. शाळा सातवीपर्यंत, तीही ढकलत. पण चेन, चाक, बेअरिंग ही माझी भाषा. बायको गेल्यापासून हत्यारांची पेटी उघडली नव्हती. त्या दिवशी पलंगाखालून ओढून काढली, पान्यांवरचा गंज रॉकेलच्या फडक्यानं पुसला आणि जेवायचं विसरलो.

सुचलं ते असं. दोन उभे रूळ. एका रुळावर सगळी साडी गुंडाळलेली. सायकलचं पॅडल हातानं फिरवलं की साडी सरकत सरकत दुसऱ्या रुळावर जाणार. मधे एक काचेसारखी प्लास्टिकची खिडकी. त्या खिडकीतून साडी पुढे जाताना दिसणार. आणि खेळ हा, की दंड कुठं आहे तो शोधायचा. दिसला की सायकलची घंटी वाजवायची. चुकीच्या जागी वाजवली तर हसायचं आणि पुन्हा फिरवायचं.

सुनेला सांगितलं तर ती उभीच राहिली. "बाबा, हे भारी आहे!"

"भारी नाही, हलकंच करणार. पीव्हीसीचा पाइप आहे."

दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला गेलो. भंगारातून जुन्या सायकलची चेन, चक्र्या, पॅडल घेतलं. मग जीन्सच्या गल्लीत एका शेठच्या कारखान्यात गेलो. आम्ही अंबरनाथला राहायचो तेव्हा माझी बायको त्याच्या जीन्सचे धागे कापायची. टेंपोतून गठ्ठे यायचे, खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. शेठनं मला ओळखलं.

"अरे साईं! इतने दिन बाद? भाभी कैसी है?"

मी म्हणालो, "गेली."

"किधर गई?"

"वर."

तो कातरण तुडवत पुढे आला आणि माझा हात धरून बसला. मशीन चालू होती, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं, ते बरं झालं. मग म्हणाला, "बोल, क्या चाहिए?" मी म्हणालो, रिजेक्ट मालाचे खिसे. "खिसे? पूरा पँट ले जा!" मी म्हणालो, नाही, खिसेच. त्यानं स्वतः गोदामात शिरून पोतं भरून दिलं. वर म्हणाला, "लोग जेब भरने आते हैं, तू जेब ही ले जा रहा है."

ते खिसे सुनेच्या मैत्रिणींनी एका मोठ्या कापडावर शिवले. प्रत्येक खिशात एक वस्तू. हात घालायचा, न बघता ओळखायचं. एकात रिठा, एकात निळीची पुडी, एकात डांबराची गोळी, एकात रिळावरचा दोरा, एकात कडुलिंबाचा सुका पाला. कपडा धुवायला, सांभाळायला, टिकवायला जे जे लागतं ते. हे माझ्या डोक्यातलं नाही, त्या बायकांचं. मला तर वाटलं होतं सुया ठेवा. सून म्हणाली, "बाबा, लोकांची बोटं फोडायची आहेत का?"

हे सगळं झकास झालं. यंत्र तयार झालं, तेल दिलं, हँडल असं फिरायचं की लोणी. अडलं ते साडीवर. सुनेनं बाजारातून एक जुनी साडी आणली आणि स्वतः दंड घातला. मी लांबून बघितला आणि म्हणालो, "हा म्हशीलापण सापडेल." ती रागावली. मग मी घालून बघितला. माझा तर पोत्याच्या तोंडासारखा झाला. ती एवढी हसली की खाली बसली. तिच्या मैत्रिणींपैकी एकीच्या घरी शिलाई मशीन होतं, तिनं मशीनवर मारला. सरळ रेघ, डोळे मिटून सापडावी. लपलेला दंड नाही तर शोधायचं काय? सगळा खेळच पडला.

मी बागेत यंत्राजवळ बसून राहिलो. रिकामे रूळ फिरवत. माझं मीच केलेलं, आणि त्याला पाहिजे ती वस्तू माझ्याच खिशातल्या चावीमागे. सून एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो आणि सुटलो असतो.

घरी येऊन कपाट उघडलं. दंडाच्या साड्या बऱ्याच होत्या, पण मी सरळ पांढरीला हात घातला. सुती, निळ्या काठाची, जयंतीला नेसायची ती. विहारातल्या बाकाच्या खिळ्याला अडकून फाटली होती. नवी घे म्हटलं तर ऐकली नाही. पांढऱ्या साडीवर दंड लपवणं म्हणजे काय ते शिवणाऱ्यालाच माहीत. तिनं साडीचाच धागा ओढून काढून त्यानं शिवला होता. मी दिव्याखाली धरून शोधला. मला माहीत असून सापडायला वेळ लागला. आणि सापडल्यावर, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. म्हटलं, कात्रपला दाखवतोच आता. मग लगेच मनात आलं, ही काय म्हणेल? अख्खं आयुष्य निरीत ठेवलं आणि नवऱ्यानं खिडकीत लावलं. घडी घातली, उघडली, परत घातली. शेवटी पिशवीत टाकून निघालो. मन खात होतं, पण पाय चालत होते.

सुनेनं पिशवीत बघितलं. म्हणाली, "साडीला कुणाचा हात लागणार नाही बाबा. फक्त हँडलला."

"हो. आणि तिचं नाव कुठं लिहायचं नाही."

"नाही लिहिणार."

उद्घाटनाच्या संध्याकाळी बागेच्या फाटकावर आमचा बोर्ड लागला. मजकूर माझा. सून म्हणत होती, शब्द बदला. मी ऐकलं नाही, तिच्या सासूचा शब्द तोच ठेवला. मोठ्या अक्षरात: 'जुने कपडे फेकू नका. इथे दंड घातला जातो.'

लोकांना आधी निरोप गेला होता की येताना घरातला एक फाटका कपडा आणा, सुनेच्या मैत्रिणी तिथंच शिवून देतील. लोक पिशव्या घेऊन आले. फाटकाशी थांबले, बोर्ड वाचला आणि मागे फिरले. एक बाई तर पिशवी पदराखाली घालून निघाली. मला कळेना. एक बर्म्युडा घातलेले काका मात्र आत आले आणि माझ्यावरच तुटून पडले.

"काय हो, आता जुन्या कपड्यांनापण दंड? कचऱ्याला लावता, पार्किंगला लावता, आता बनियनला लावा!"

मी म्हणालो, "अहो, दंड लावायचा नाही, घालायचाय."

"तेच ना! कुणाला घालणार? मला घालून बघा!"

"तुम्हाला नाही, साडीला!"

"साडीला दंड? बायकांकडून घेणार? लाज वाटते का?"

"तुम्हाला मराठी येतं का?" मी पण पेटलो.

भांडण म्हटलं की लोक येतातच. जे परत चालले होते ते वळले, मुलं झोपाळा सोडून आली, पालेगावहून आलेला भाजीवालासुद्धा गाडी सोडून बघायला उभा. सून मधे पडून सांगायला लागली, काका, दंड म्हणजे जोड. साडीचा जोड. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग ते एवढ्या मोठ्यानं हसले की त्यांची बनियन वर गेली. म्हणाले, "माझी आजी म्हणायची हो! विसरलो होतो." आणि त्यांनीच पहिलं हँडल धरलं.

मग जे सुरू झालं! रांग लागली. घंटी वाजायची, सगळे खिडकीत डोकं घालायचे, "नाही, नाही, ही तर घडी आहे!" पुन्हा फिरव. काकांनी तीनदा चुकीची वाजवली. खिशांपाशी एक बाई ओरडली, "ईऽ, माझ्या हाताला काय लागलं?" ते रिठे होते. एकानं डांबरगोळी ओळखून 'आत्याची ट्रंक' असं उत्तर दिलं, तेही आम्ही बरोबर धरलं. मी चेनला तेल देत फिरत होतो, माणसांना ओरडत होतो, हळू फिरवा, सायकल शर्यत नाही. किती महिन्यांनी माझा आवाज एवढा चढला होता!

तेवढ्यात विहारातल्या एक बाई आल्या. अंबरनाथला राहायचो तेव्हापासूनच्या. विहारात कायम माझ्या बायकोशेजारी बसायच्या. "जयभीम भाऊ," म्हणाल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या.  सगळं जग बघू दे, पण हिनं नको. हिच्यापासूनच तर तिनं लपवलं होतं. मी म्हणालो, "ताई, मशीन जरा गरम झालीय, थांबू या." काका म्हणाले, "हातानं फिरवायची मशीन गरम कशी होईल हो?"

बाईंनी हँडल फिरवलं. निळा काठ दिसताच त्यांचा हात मंदावला. हळूहळू फिरवत राहिल्या. एका जागी थांबल्या, चष्मा वर केला, वाकल्या. घंटी वाजवली नाही.

"ही ताईंची जयंतीची साडी."

मी चेनला परत तेल द्यायला लागलो.

"हिला दंड होता?"

"होता."

"कधीपासून?"

"खूप वर्षं झाली."

"आणि मी शेजारी बसायचे!" त्या म्हणाल्या. मला वाटलं आता रडतील. पण त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो भाऊ, माझ्या पांढरीला दोन आहेत! एक निरीत आणि एक खांद्याच्या मागं. ताईंना दिसू नये म्हणून मी बसताना भिंत धरून बसायचे. वाटायचं, त्यांची साडी कशी कोरी करकरीत, आणि आपली ही अशी!"

लोक हसले. त्यापण हसल्या आणि मग डोळे पुसले. मी विचारायचं ते विचारलं. दुसऱ्या कुणाला विचारणार होतो?

"ताई, खरं सांगा. तिला राग आला असता का, असं टांगलं म्हणून?"

"आला असता की! चांगलाच. तुमच्याशी बोलली नसती." त्यांनी नाक पुसलं. "मग गुपचूप इथं येऊन कोपऱ्यात उभी राहिली असती. बघायला, की कुणाला सापडतोय का."

हे असंच झालं असतं. हुबेहूब असंच. मला तिचं कोपऱ्यात उभं राहणं दिसलं, पिशवी पोटाशी धरून, ओठ दाबून.

"लपवलाय पण काय," बाई परत खिडकीत वाकल्या. "साडीचाच धागा वापरलाय. चोर आहे ताई. मला कधी शिकवलं नाही." मग सरळ उभ्या राहिल्या. "उद्या मी माझी आणते. शेजारी लावा. बघू कुणाचा आधी सापडतो."

"तुमचे दोन आहेत. तुम्हीच हरणार."

"लावा तर खरं! ताईंशी हरले तरी मला चालेल, पण खेळल्याशिवाय नाही."

मागून काका ओरडले, "अहो, नंबर लागलाय आमचा!" सून म्हणाली, "बाबा, चहा घ्या आधी." चहा कुठं घेतोय. एका चेनवर दोन जोडी रूळ चालवायचे तर चक्री मोठी लागणार, खालची पट्टी वाढवावी लागणार, आणि खिडक्या अशा शेजारी पाहिजेत की दोन माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतील. मी गुडघे टेकून खाली बसलो आणि पाना लावून खालचा नट सैल करायला घेतला.