केमिस्ट्रीच्या वहीतली शालन

मेस चालवणाऱ्या बाईकडं दोन गोष्टी साचतात. खरकटी ताटं आणि किस्से. ताटं दुपारपर्यंत घासून होतात. किस्से कुणाला सांगितल्याशिवाय हलत नाहीत. आणि माझ्या किश्श्यांचं असं, की निम्म्यावर आलं की ऐकणारी म्हणते, "जाऊ दे बाई, काटा आला अंगावर, चहा टाक!"

तर चहा टाकूनच बसा.

लातूरला ट्यूशनवाल्या गल्लीत आमची मेस. वर स्लॅबच्या दोन खोल्या, त्यात बारावीच्या सहा पोरी. खाली मी, ऑटो चालवणारे आमचे हे आणि तीन वर्षांची परी. आम्ही झोपतो मात्र मागच्या पत्र्याच्या खोलीत. भूकंप झाला तेव्हा मी सातवीला होते. सातवीच्या पुढं मग शाळाही उरली न्हाई आणि जड छपराखाली झोपही. हे म्हणतात, "तुझ्यापायी उन्हाळ्यात आमचा पापड होऊन राहिलाय!"

*

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माझी उतरंड असते. पालथा तांब्या, त्यावर फुलपात्र, त्यावर वाटी. जमीन जराशी हलली की खणखणून पडते, मग लेकरू उचलायचं आणि पळायचं. भूकंपानंतर आमच्याकडं घरोघरी हेच होतं. लोकांनी कधीच सोडलं. मी सोडलं न्हाई.

कंधारची रुक्सार नवीन आली आणि तिनं ते पाहिलं. तडक कोपऱ्यावरच्या एसटीडीवर गेली आणि घरी फोन! "अम्मी, जेवण चांगलंय, पण वैनी जादूटोणा करतात!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं अम्मी हजर. मी सगळं सांगितलं. अम्मीनं पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. रुक्सार पाठ चोळत म्हणाली, "मग वैनी, वर परीचा खुळखुळा ठेवा ना. दोन मजले ऐकू येईल!"

तेव्हापासून उतरंडीवर खुळखुळा.

*

पोरींची एक वही होती. वर लिहिलेलं, 'केमिस्ट्री, रिव्हिजन'. रोज एकीच्या हातात. ती डोकं खाली घालून पानभर लिहायची, दुसऱ्या दिवशी दुसरी. मला वाटलं, काय अभ्यास हाय लेकरांचा! जिच्या हातात वही, तिच्या वरणावर मी चमचाभर तूप जास्त सोडायची.

एकदा वही खाली राहिली. मी उघडली. पहिलीच ओळ: 'पडलेल्या गावात एक मेलेली मुलगी राहायची आणि ती बारावीच्या एका मुलीची रोज वेणी घालायची.'

महिनाभर मी भुताला तूप वाढत होते!

*

वही लिहिण्यात पुढं दोघीच. रुक्सार आणि चाकूरची स्नेहल. एकीचं ताट वाढलं की दुसरी तिथंच येऊन टेकणार. मी त्यांना धरलं.

"अगं, ह्यात पोरगा कुठाय?"

"न्हाई वैनी. दोघी पोरीच हायेत."

"मग लगीन कुणाशी?"

"भुताचं कसलं लगीन! प्रेम हाय ते," रुक्सार म्हणाली आणि स्नेहल एकदम खाली बघायला लागली.

मग हळूच म्हणाली, "वैनी, आप्पांच्या हाती ही वही लागली ना, तर बारावी राहिली बाजूला. थेट चाकूर आणि पाहुणे बघायला!"

आप्पा म्हणजे तिचे वडील, शाळेत मास्तर. मी उठले. वही पिठाच्या डब्यात तळाशी घातली आणि सांगितलं, "लिहायची असली की माझ्याकडून मागून घ्यायची." त्या दिवशी भात करपला. पोरी म्हणाल्या, "वैनी, लक्ष कुठाय?" आता काय सांगू कुठं होतं!

*

भुताला नाव नव्हतं. "जुन्या वळणाचं सांगा ना," म्हणून मागं लागल्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "शालन."

"कोण होती शालन?"

"न्हाई कोणी."

जुन्या गावात माझ्या बाकावर बसायची. धावण्यात पहिली आली तेव्हा बक्षीस म्हणून तिला स्टीलचा पेला मिळाला होता, नाव कोरलेला. तो ती माझ्याशिवाय कुणाला शिवू द्यायची न्हाई. अर्धं पाणी स्वतः प्यायची, अर्धं माझ्यासाठी ठेवायची. भूकंपाच्या वेळी मी मामाकडं होते. ती घरी होती. एवढं मी पोरींना सांगितलं न्हाई. आमच्या ह्यांनाही न्हाई.

पोरींना नावच पुरे होतं. पण एकीला शंका! "शालन अकरावीला घ्यायची का बारावीला?"

रुक्सार म्हणाली, "भूकंपापासून बारा वर्षं तिथंच हाय ना? रिपीटर!"

सगळ्या लोळल्या हसून. मीही हसले. कोपऱ्यात खुळखुळा वाजला. उतरंड मात्र तशीच उभी.

*

मग परीच्या तोंडात माती दिसायला लागली. रोज सकाळी, ओठांवर, दातांत, काळी माती. मी घाबरून डॉक्टरांकडं नेलं. दुसऱ्यांदा नेलं. तिसऱ्यांदा डॉक्टर वैतागले.

"अहो बाई, लेकरं खातात माती! कॅल्शियम कमी असतं. लक्ष ठेवा."

"डॉक्टरसाहेब, घरात फरशी, अंगणात सिमेंट, गल्लीत डांबर. लेकरू माती आणतंय कुठून?"

डॉक्टरांनी बाटली बदलून दिली.

*

त्याच आठवड्यात वहीत एक पान निघालं, ते कुणाचंच न्हाई. एकच ओळ: 'अर्धं पाणी ठेवलंय, ती आलीच न्हाई.'

सहाही जणींनी गळ्याची शपथ घेतली. स्नेहल म्हणाली, "वैनी, तुम्हीच लिहिलं ना? अक्षर सातवीवालं हाय!"

मी हसून दाखवलं. अक्षर माझं नव्हतं. पण मला ओळखू आलं होतं.

*

आणि मग तो रविवार. दुपारी स्नेहलचे आप्पा आले, न सांगता. कुणीतरी कान भरले होते. पाटावर बसले, जेवता जेवता म्हणाले, "ऐकलंय, पोरगी वहीत प्रेमाबिमाचं लिहून राहिली. एक ओळ जरी दिसली, तरी आज पाचच्या गाडीनं संगं नेणार."

स्नेहल जिन्यात उभी, पांढरीफटक. तिचा हात रुक्सारच्या हातात. मी म्हटलं, "न्हाई हो आप्पा, कसली वही!"

तेवढ्यात माझं लेकरू आतून आलं. पिठानं भरलेलं, छातीशी ती वही.

"आजोबा, घ्या."

आप्पांनी पीठ झटकलं, चष्मा लावला, कव्हर वाचलं. "केमिस्ट्री," म्हणाले. आणि पान उलटायला बोट ओलं केलं.

खणण्! उतरंड कोसळली.

मी परीला उचललं, "पळा!" म्हणून ओरडले. पोरी पळाल्या आणि सगळ्यांच्या पुढं आप्पा, उष्ट्या हातानं, अनवाणी! बाहेर बघतो तर रस्ता आपल्या नादात. समोरच्या हॉटेलात काठोकाठ भरलेले चहाचे कप, एक थेंब सांडलेला न्हाई. हॉटेलवाला म्हणाला, "भूकंप? कुठं?"

आत आलो तर वही आप्पांच्या ताटात, वरणात पालथी. शाई सगळी उतरलेली, एक अक्षर लागेना. आप्पांनी दोन बोटांनी उचलून बघितली. धाप अजून लागलेली. म्हणाले, "केमिस्ट्री बुडाली की! नवी वही कर, बाळ." आणि पाचच्या गाडीनं गेले, एकटेच.

मी भांडी गोळा करायला वाकले. तांब्या. फुलपात्र. वाटी. खुळखुळा.

आणि एक पेला. चेपलेला, काळ्या मातीनं गच्च भरलेला.

"वैनी, हा कुणाचा?" रुक्सारनं विचारलं.

पदरानं पुसला. टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव वर आलं. कु. शालन, इयत्ता सातवी, धावणे, प्रथम.

परी म्हणाली, "आई, तिला तहान लागली."

मी पेला घासला, माठातलं पाणी भरलं. अर्धं प्याले. अर्धं ठेवलं.